तांदळाची पोती

श्रीकरची स्पोर्ट्स कार रस्त्याला चिकटून धावायची. पण तंजावरच्या कॅन्सर इस्पितळात रोज जाता-येता प्रत्येक खड्ड्याला शेजारी बसलेली कीर्तना कळवळायची. भाड्याच्या मोठ्या गाडीचं नाव काढलं, की मात्र ती रुसून बसायची. शेवटी हौसेने बसवलेलं कडक सस्पेन्शन बदलायला श्रीकरने सगळ्यांत मऊ निवडलं आणि साक्कोट्टैच्या सेल्वम मेकॅनिककडे गाडी नेली.

गाडीत रोज बसणाऱ्यांच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवूनच सेल्वम स्प्रिंग जुळवायचा. उजवीकडे त्याने श्रीकरच्या वजनाची तांदळाची तीन पोती रचली. गेल्या वर्षी कडक सस्पेन्शन बसवताना डावीकडे दोन लागली होती. आज त्याने झाडाखाली खुर्चीत बसलेल्या कीर्तनाकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडून त्यातला अर्धा तांदूळ घमेल्यात काढला.

श्रीकर पुढे झाला. घमेल्यातला तांदूळ तो ओंजळी-ओंजळीने परत पोत्यात भरू लागला.

"इतकी जड कोठें आहें मी आतां?" कीर्तना म्हणाली.

पोत्याचं तोंड घट्ट बांधत तो म्हणाला, "होशील."