राज्यमार्गाचा निरोप

बाजाराच्या दिवशी गच्च भरलेला राज्यमार्ग बघता बघता मधोमध मोकळा झाला. आता गाड्या माणसं चालवत नसत, रस्ताच चालवी. त्याने हुकूम करताच ट्रक, एसटी, जीपगाड्या कडेला सरकल्या. मायाप्पा धनगराची दोनशे मेंढरं तेवढी मधेच राहिली. ती कुठं रस्त्याचं ऐकणार? बिनचालकाची रुग्णवाहिका त्यांच्यासमोर येऊन थांबली.

नर्स धावत खाली उतरली. "मामा, आत बाई अडलीय. वीस मिनिटांत शहर गाठायचंय."

"तुम्ही बसा गाडीत, ताई," म्हणत मायाप्पाने काठी उंचावली आणि हाळी दिली. कळप दुभंगला. रुग्णवाहिका वाऱ्यासारखी गेली.

पण मायाप्पाचा पाय पुढे निघेना. ती अडलेली बाई सुटली असेल का, हे विचारायचं तरी कुणाला?

तासाभराने कडेच्या खांबातून रस्ता बोलला, "मेंढरंवाले मामा, नर्सताईंचा निरोप आहे. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

मायाप्पाने कमरेच्या पिशवीतला भंडारा मूठभर घेऊन डांबरावर उधळला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून तो सांगत सुटला, "मुलगी झाली."