वटवाघळांची गाडी

"सापडला, सिस्टर." संशोधक मॅडम रिपोर्ट नाचवतच आरोग्य केंद्रात शिरल्या. "गुहेतल्या एका वटवाघळाच्या रक्तात विषाणू निघाला. इतक्या वर्षांच्या कष्टांचं चीज झालं."

नर्सने हातातली सुई खाली ठेवली. "यावर औषध आहे का, मॅडम?"

"माणसांसाठी आहे. पण ताप चढल्याबरोबर द्यावं लागतं, नंतर उपयोग नाही. का हो?"

"सहज विचारलं."

"वटवाघळाला कोण औषध देत बसणार?" मॅडम हसल्या.

नर्सही कसनुसं हसली. शहरातल्या लॅबची गाडी फक्त वटवाघळांचे नमुने न्यायची. म्हणून लसींच्या फ्रिजमध्ये ठेवलेली त्यांची एक नळी रिकामी करून तिने त्यात तापाने फणफणलेल्या लेकीचं रक्त भरलं होतं.

रिपोर्ट येईपर्यंत लेक थांबली नाही.