शिवडीची हवा उत्तम

प्रदूषण खात्याचे उन्मेष साहेब चौथ्या मजल्यावर थांबले आणि कठड्याला धरून धापा टाकायला लागले.

"लिफ्ट नाही का हो?"

"आहे ना. मंजुरीत आहे," चिंतामणी म्हणाले.

चिंतामणी म्हणजे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. जन्म कारकुनीत गेलेला, त्यामुळे अर्ज लिहायचा कंटाळा नाही. शेजारच्या सिमेंट मिक्सिंग प्लांटविरुद्ध त्यांनी एवढे अर्ज केले, की खात्यातले लोक त्यांचं अक्षर ओळखायला लागले. उत्तर मात्र दर वेळी एकच: नाक्यावरचा बोर्ड बघा. बोर्डावर ठळक हिरव्यात लिहिलेलं, 'हवा उत्तम'. आकडा कधी तिशीच्या वर नाही. आणि तो आकडा यायचा याच चाळीच्या गच्चीवर बसवलेल्या सरकारी मशीनमधून. आता बोला!

आज साहेबांनी मशीन बघून 'ठीक' असा शेरा मारला, की प्लांटच्या परवान्याला आणखी पाच वर्षं मिळणार होती.

साहेबांच्या मागून रमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन चढत होत्या. खालून त्यांच्या नवऱ्याचा, धोंडूंचा, खोकला जिनाभर घुमत होता. प्लांट आल्यापासून धोंडू आडवे झोपलेच नव्हते. भिंतीला टेकून बसायचे, डोळा लागला तर लागला. रमाबाईंना एवढंच हवं होतं, की हा माणूस एकदा अंथरुणावर पाठ टेकून झोपावा.

"आमचा डेटा तीन पातळ्यांवर तपासला जातो," साहेब पाणी पिऊन म्हणाले. "सगळा पब्लिक आहे. घरबसल्या कुणीही बघावा."

"ह्यातली एखादी पातळी कधी गच्चीपर्यंत आली होती?" चिंतामणींनी विचारलं.

"अहो, आकडे मोबाईलवर येतात. चढायचं कशाला?"

आणि ते गच्चीवर आले.

मशीन जागेवरच होतं. फक्त दिसत नव्हतं. हवा ओढणाऱ्या नळीच्या टोपीपासून पायापर्यंत त्याच्यावर एक गवसणी चढवलेली होती. खाली झालर आणि गळ्याशी नाडी, तीही व्यवस्थित फुलगाठ मारून बांधलेली.

साहेबांनी गवसणीभोवती एक फेरी मारली.

"हे कुणी केलं?" साहेबांचा आवाज चिरकला.

"मीच शिवलंय," रमाबाई कौतुकाने म्हणाल्या. "सरकारचा एवढा म्हागाचा मशीन! उघड्यावर ठेवून कोण गेलो तो परत फिरकलो नाय. ह्या प्लांटची धूळ केवढी! खराब नाय होणार?"

चिंतामणींनी कपाळावर हात मारून घेतला. रमाबाईंच्या घरात टीव्हीला गवसणी, मिक्सरला गवसणी आणि रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती. हे त्यांना माहीत होतं, हो. पण सरकारच्या मशीनलाही आपल्यातलंच धरतील, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"अहो वहिनी, त्या मशीनचं कामच धूळ मोजायचं! तुम्ही त्याला धूळच लागू दिली नाहीत!"

रमाबाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. खोकला चालूच होता.

"म्हणजे माझ्यामुळे ह्यांचो खोकलो खोटो ठरलो?"

चिंतामणींना एकदम वाईट वाटलं. त्यांनी नाडी सोडली आणि गवसणी ओढून काढली.

मग सगळे कठड्याशी उभे राहून नाक्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने बोर्डाचा हिरवा गेला आणि पिवळा आला. पिवळा जाऊन लाल झाला. आकडा तीनशेच्या पुढे गेला. खाली वडापाववाल्याच्या गाडीशी उभी माणसं बोर्डाचे फोटो काढायला लागली.

साहेबांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की तिघांनाही ऐकू आला. "शिवडी अचानक लाल कशी? मशीन बिघडलंय का? आधी ते नीट करा!"

"हो सर. बघतो सर. होल्ड करा." साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि अगदी लाघवीपणे रमाबाईंकडे वळले. "आजी, एक काम करता? तेवढी गवसणी होती तशी घाला. रिपोर्ट जाऊ दे, मग आपण रीतसर काढू."

"लाज नाही वाटत?" चिंतामणी कडाडले. "माणूस खाली मरतोय..."

तेवढ्यात खाली प्लांटमध्ये डंपर रिकामा झाला. राखाडी लोट उठला आणि कठड्यावरून सरळ गच्चीत आला. साहेबांना ठसका लागला. तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते कठड्याला टेकून मटकन खाली बसले.

रमाबाई दोघांच्या मध्ये आल्या. गवसणी बाहेरून सिमेंटच्या गोणीसारखी कडक आणि राखाडी झाली होती. त्यांनी ती उलटी केली. आतून कापड कोरं करकरीत निघालं, त्यावरची गुलाबी फुलं काल छापल्यासारखी ताजी. ती स्वच्छ बाजू आत करून त्यांनी साहेबांच्या नाकातोंडावर धरली आणि डोक्यामागे नाडी बांधली.

"मशीनाक राहू दे उघडा," त्या म्हणाल्या. "तो काय खोकत नाय."

साहेबांनी हळूहळू एक श्वास घेतला. मग दुसरा. फोनमधून 'हॅलो, हॅलो, झालं का नीट?' चालूच होतं.

त्यांनी फोन झालरीपाशी नेला.

"सर," ते म्हणाले, "मशीन आत्ताच नीट झालंय."