कॅरॅमल रंगाचे डोळे

बायको गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्याच दुपारी टपालाने दिवाळी अंक आला. त्यात तिची कथा होती. दिवसकार्य उरकल्यावर वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीत नायकाचे डोळे कॅरॅमल रंगाचे. मी तिथेच अडलो.

"कॅरॅमल म्हणजे?" मी लेकीला विचारलं. तिने कढईत साखर जाळून दाखवली. "काळी व्हायच्या आत गॅस बंद करायचा, बाबा. हा रंग."

तांबूस, आरपार दिसणारा. अशा डोळ्यांचं आमच्या ओळखीत कुणी आठवेना.

"माझे तर काळे आहेत. मग हा कोण गं?"

"सावलीत काळे! आई तुम्हाला बाल्कनीतल्या उन्हात बघायची, पेपर वाचताना."

दाढीचा आरसा बाल्कनीत न्यायचा आहे. अजून नेलेला नाही. कथाही दुसऱ्या ओळीवरच आहे.