भुऱ्याच्या मानेचं माप

“असला मऊ पट्टा काय कामाचा?” कडूबानं तो बोटांत चुरगाळून पाहिला. “खिळ्यांचा नाय का?”

पुंडलिकनगरातल्या त्या दुकानात कुत्र्यांसाठी काय नव्हतं! बिस्किटं, स्वेटर, रेनकोटसुद्धा. खिळ्यांचा पट्टाही होता, पण खिळे रबराचे निघाले. दाबले की वाकायचे.

“शोभेचे आहेत, काका,” दुकानदार सत्यम हसला. “खरे कशाला पाहिजेत?”

कडूबानं मागं पाहिलं. आठ वर्षांची नात तनुजा माशांच्या पेटीला नाक लावून उभी होती. त्यानं आवाज उतरवला. “वाघ आधी नरडं धरतो.”

सत्यमचं हसू मावळलं. वैजापूरकडं शेतवस्तीवर बिबट्याला वाघच म्हणतात, आणि दिवस कलला की कुत्र्याच्या गळ्यात लोहारानं केलेला खिळ्यांचा पट्टा चढवतात. पट्टा असला तर कुत्रं वाचतं, नसला तर नाही. मागच्या दिवाळीची सुट्टी संपवून तनुजा आईवडिलांबरोबर शहरात परतली, त्या संध्याकाळी कडूबाच्या भुऱ्या कुत्र्याचा पट्टा खुंटीवर नव्हता. कडूबानं घर, गोठा सगळं पालथं घातलं. शेवटी ‘एका रातीनं काय होतंय’ म्हणत त्याला तसंच बांधलं. सकाळी नुसती साखळी उरली होती. पट्टा बायकोनंच कुठं टाकला असणार म्हणून तो द्वारकाबाईला नाही नाही ते बोलला. ती बिचारी दोन दिवस जेवली नाही. पुढं चैत्रात कोठीतली ज्वारी सरत आली, तेव्हा तळाशी पट्टा निघाला. तिथं तो गेला कसा, हे कोडं त्याला आजवर सुटलं नव्हतं.

आता वस्तीवर नवं पिल्लू आलं होतं. जुना पट्टा त्याच्या मानेत ढिला होत होता. तनुजाकडं शहरात आलाच होता, म्हणून कडूबा इथंच विचारत होता.

“थांब, नमुनाच दाखवतो,” म्हणून त्यानं पिशवीत हात घातला.

“आजोबा, जुन्यासारखा नको हं!” तनुजा धावत आली. “तो मला केवढा टोचला होता. भुऱ्याला पण टोचत असणार. म्हणून मी लपवला.”

कडूबाचा हात पिशवीतच राहिला.

“कुठं गं?”

“ज्वारीच्या कोठीत. एकदम खाली, हात पोचेल तिथपर्यंत!” तिला हसू आवरेना. “तुम्हाला सापडलाच नाही ना?”

त्याच्या डोळ्यांपुढं आली ती भिंतीकडं तोंड करून बसलेली द्वारकाबाई. मग समोरची पोर दिसली. भुऱ्या पळून गेला, असंच तिला घरी सांगितलेलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढंच तिला जन्मभर पुरलं असतं.

त्यानं मुठीतले खिळे सोडले आणि पट्टा मेथीच्या जुडीखाली सरकवला.

“नाय गं माय. लई शोधला, पण नाय सापडला.”

तनुजानं टाळी वाजवली. मघाचा मऊ पट्टा उचलून तिनं गालाला लावून पाहिला. “हाच घ्या. आणि दोन घ्या. भुऱ्या परत आला तर?”

सत्यमनं कडूबाकडं पाहिलं.

“दोन दे,” कडूबा म्हणाला.

“दुसऱ्याची मान केवढी, काका?” सत्यमनं हळूच विचारलं.

कडूबानं दोन्ही हातांची बोटं जुळवून काउंटरवर गोल धरला. माप चुकणारं नव्हतं. सत्यमनं त्या रिकाम्या गोलाभोवती टेप फिरवली.

“जरा ढिला धर,” कडूबा म्हणाला. “थंडीत त्याचे केस वाढतेत.”