मुआंगालाचे ठिपके

मुआंगालानं हाताच्या कडेनं वाळू सारखी केली आणि दोन बोटांनी ठिपके टोचायला घेतले. चार रांगा, दर रांगेत सहा. मग हात झटकून तो म्हणाला, "हं वहिनी, रोज सकाळी चुलीमागं बसून रेघा काढतेस ना? काढ की आता चारचौघांत!"

चोट्यात हशा पिकला. गवती छपराखालची ही बैठक पुरुषांची. बाईमाणसानं इथं यायचं ते स्वतःवरचा आरोप ऐकायला. कासेया त्यासाठीच आली होती. तिचा नवरा साकाउंबा जाऊन तीन महिने झाले होते. दिराचं, म्हणजे मुआंगालाचं, म्हणणं असं, की भाऊ तापानं गेलाच नाही. हिनं वाळूत रेघा ओढून त्याला खाल्लं. दिराचा डोळा भावाच्या घरावर होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"काय करतेस गं तिथं?" गावचा सोबा, म्हणजे मुख्य, तिला विचारत होता.

"श्वास घेते," कासेया म्हणाली. "नवरा गेल्यापासून छातीत कुणी मुसळानं कांडतंय. वाळूवर बोट फिरलं की तेवढा वेळ थांबतं. याला चेटूक म्हणत असाल तर म्हणा. मी सोडणार नाही."

सोबा जुन्या वळणाचा. त्यानं निवाडा वाळूवर टाकला. एकाच रेघेत सगळे ठिपके गुंफायचे; रेघ ठिपक्यांमधून तिरकीच न्यायची आणि फक्त कडेला वळवायची. बोट थांबलं किंवा उचललं, तर कासेयानं आजच गाव सोडायचं. ठिपके मांडणाऱ्यानं मधेच हार मानली, तर आरोप फिटला. आणि बोट वाळूवर चालू आहे तोवर ठिपक्यांना कुणी हात लावायचा नाही, जागचं कुणी उठायचं नाही. हे गावाचे जुनेच नियम होते.

कासेयानं ठिपके मोजले. पुन्हा मोजले. मुआंगालाला वाटलं होतं, ठिपके जास्त म्हणजे काम अवघड. साकाउंबा असता तर असे ठिपके मांडल्याबद्दल त्यानं धाकट्याच्या पाठीत धपाटाच घातला असता. रांगा पाच असत्या, तर एक रेघ सगळं गुंफून घेते. चार आणि सहाला दोन रेघा लागतात. एक रेघ निम्म्याच जाळीतून हिंडते आणि निघाली तिथं परत येते. ही जाळी एका रेघेत कुणाच्या बापाला पुरी करता येणार नव्हती.

ते सांगून उपयोग नव्हता. बाईनं केलेली मोजणी चोट्यात कोण मानणार? तिला आधी रडू आलं, मग संताप आला. मग तिनं बोट टेकवलं.

"थरथरतंय बघा!" मुआंगाला ओरडला. "वहिनी, गाठोडं बांधलंस का?"

रेघ ठिपक्यांना वळसे घालत गेली, वळली, आणि सुरुवातीला येऊन मिळाली. निम्मी जाळी उघडीच होती. मुआंगालानं टाळी वाजवली. "झालं! आता थांबणार!"

बोट थांबलं नाही. आपल्याच रेघेवरून दुसऱ्या फेरीला निघालं. मग तिसऱ्या. दहाव्या फेरीपर्यंत थट्टा चालली. पुढं कुणी मोजलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. घराघरांतून शिजणाऱ्या शिम्याचा वास येऊ लागला. म्हातारे मांड्या बदलून बदलून थकले. सगळ्यांत थोरला आजोबा काकुळतीला आला. "पोरी, मला जरा झाडामागं जायचंय गं."

"तुम्हीच केलेत ना नियम, आजोबा?" कासेयानं मान वर न करता विचारलं. तिचा हात आता अजिबात कापत नव्हता. श्वास संथ झाला होता.

आजोबानं वाकून ठिपके न्याहाळले आणि तो मुआंगालावर उसळला. "अरे गाढवा, चार आणि सहा? हे उद्यापर्यंत संपायचं नाही! कुणी शिकवलं तुला ठिपके मांडायला?"

"ती थांबेल की," मुआंगाला पुटपुटला.

"कधी? मी मेल्यावर?"

सगळा चोटा त्याच्यावर तुटून पडला. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "हरलो."

"मोठ्यानं!" सोबा गरजला.

"हरलो! आरोप मागं घेतला. घर तिचं!"

सुटलो म्हणत सगळ्यांनी उठायला गुडघ्यांवर हात टेकले. कासेयाचं बोट वाळूवर फिरतच होतं.

"बसा हो," ती म्हणाली. "आत्ता कुठं मला बरं वाटायला लागलंय."