बांधाची रुंदी

"त्याला सांगा, बांध त्याच्या बाजूनं पाझरतोय," थोरला पक्षीबाईंना म्हणाला.

'तो' म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, बांधापलीकडे दहा हातांवर उभा होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी त्यानं उत्तर पक्षीबाईंनाच दिलं. "ह्यांना म्हणावं, पाणी ह्यांच्याच शेतातून येतंय. वरच्या अंगाला कोण आहे?"

पक्षीबाई बांधावर उकिडव्या बसून मोजपट्टी लावत होत्या. पक्ष्यांची पिल्लं मोठी होईपर्यंत शेतात साचलेलं पाणी बाहेर सोडायचं नाही, अशा करारावर तळ्याकाठच्या शेतकऱ्यांच्या सह्या घेणं हे त्यांचं काम. एकवीस जण तयार झाले होते. ह्या दोघांनी सह्या केल्या त्या वेगवेगळ्या दिवशी, दुसऱ्यानं केलीय हे ठाऊक नसताना, नाहीतर केल्याच नसत्या. नऊ वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे भाऊ आता खरोखरच आपापल्या पाण्यात, घोट्यापर्यंत उभे होते.

"अठ्ठावीस सेंटीमीटर," बाई म्हणाल्या. "ह्याला बांध म्हणायचं की विळ्याचं पातं?"

वडील गेल्यापासून दर मशागतीला थोरला आपल्या बाजूनं बांधाची फावडंभर कड काढायचा आणि धाकटा आपल्या बाजूनं. बांध माझा, बांध माझा म्हणत त्यांनी तो दोन्हीकडून कोरला होता. नऊ वर्षांत दोघांनी मिळून केलेलं काम तेवढं एकच.

आणि साऱ्या शिवारात टिटवीला नेमकी हीच जागा सापडली होती. चार खडे गोळा करून त्यांत तिनं चार अंडी घातली होती. पाण्यानं दोन्हीकडून माती भिजून सुटत चालली होती. ती स्वतः वर घिरट्या घालत तिघांनाही शिव्या देत होती.

"अंडी उचलून पलीकडे ठेवली तर?" थोरल्यानं विचारलं.

"ती पुन्हा बसायची नाही."

"मग पाणी सोडू थोडं."

"पाणी उतरलं की कुत्री चालत येतात. बाकीच्यांच्या शेतातली घरटीही जातील." बाई उठल्या. "माती लागेल. दोन्ही बाजूंनी, आणि आत्ताच. संध्याकाळपर्यंत हा बांध टिकत नाही."

माती टाकायची म्हणजे आपल्या शेतातली. जो टाकेल त्याचं शेत तेवढं कमी होणार. थोरला अंड्यांकडे बघत राहिला. मातकट, ठिपक्यांची, टोकं आत वळवून ती एकमेकांना टेकली होती, एका अंथरुणात डोकी जुळवून झोपलेल्या पोरांसारखी. त्यानं फावडं उचललं आणि चिखलाचा पहिला गोळा बांधाला लावला.

"त्याला सांगा, कमरेवर हात ठेवून काय बघतोय..."

"मी कुणाला काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "मी त्या टोकाला जाऊन थांबते. इतकी माणसं जवळ असली तर टिटवी खाली उतरणार नाही. पटापट आवरा."

त्या गेल्या. आता निरोप न्यायला कुणी उरलं नाही.

थोरला माती ओढत राहिला. एक फावडं, दुसरं, तिसरं. उन्हानं पाणी चकाकत होतं. घाम पुसून त्यानं पुन्हा फावडं उगारलं.

"दादा, हळू!"

फावडं हवेतच थांबलं. धार खाली आली असती तर अंड्यांवरच.

थोरल्यानं फावडं हळूच बाजूला टेकवलं. अंड्यांमुळे, आणि त्या हाकेमुळे. त्याला दादा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतंच, आणि नऊ वर्षांत ह्यानंही म्हटलं नव्हतं.

"दिसलं नाही रे," तो कसाबसा म्हणाला. "चष्मा घरी राहिला."

"मग बोलायचं ना तसं." धाकटा पाण्यातून पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि घरट्याच्या कडेनं हातानंच माती लिंपायला लागला. "तू नुसती जवळ सरकव. इथलं मी बघतो."

थोरल्यानं फावडं पुढे केलं. धाकट्यानं त्यातली माती चिमटीत घेऊन पाहिली.

"ही नको. वाळू आहे तुझ्या मातीत. माझी घे, चिकण आहे."

"आधी माझी लाव. मी टाकायला घेतलीय ना?"

"नेहमी तुझंच आधी!"

भांडण पुन्हा जुंपलं. थोरल्याला ते इतकं गोड लागलं की त्यानं मुद्दामच थोडं लांबवलं. शेवटी एक गोळा ह्याचा, एक त्याचा, असं करत दोघांनी बांध भरत आणला.

मग दोघं आपापल्या शेतात मागे सरले. बऱ्याच वेळानं टिटवी उतरली. इकडे बघ, तिकडे बघ करत घरट्यापाशी आली, पिसं फुलवली आणि बसली.

बाई परत आल्या. घरट्यापासून बऱ्याच अंतरावर त्यांनी मोजपट्टीचं एक टोक ह्याच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या.

"सत्तेचाळीस," त्यांनी वहीत लिहिलं. "पुरेल तिला."

"तिला पुरेल," थोरला म्हणाला. "लहानपणी आपण दोघं शेजारी शेजारी चालायचो ह्यावरून."

धाकट्यानं बांधाकडे पाहिलं. मोजपट्टीचं टोक त्यानं अजून सोडलं नव्हतं.

"उद्या पाझर पुन्हा बघायला लागेल, दादा," तो म्हणाला. "चष्मा घेऊन ये."